प्रवेशाचा निर्णय घरातच होतो

बारावीचा आणि सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की महाराष्ट्रातील हजारो मध्यमवर्गीय घरांत महिना-दीड महिना एकच विषय चालू असतो. पसंतीक्रमाचा अर्ज भरायचा असतो. महाविद्यालयांचे सांकेतिक क्रमांक, गेल्या वर्षी प्रवेश कोठे थांबला त्याचे आकडे, शुल्क, वसतिगृह यांची टिपणे जेवणाच्या टेबलावर पसरलेली असतात आणि ओळखीच्या एखाद्या प्राध्यापकाला रोज संध्याकाळी दूरध्वनी केला जातो. ही सारी धावपळ मुलासाठी होते तशीच ती मुलीसाठीही होते, अशी आपली समजूत असते. थोडे बारकाईने पाहिले तर निराळे चित्र दिसते. मुलाचा अर्ज भरताना घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘महाविद्यालय कोणते चांगले?’ हा. मुलीचा अर्ज भरताना पहिला प्रश्न असतो, ‘घरापासून किती लांब?’ पुढचा सगळा पसंतीक्रम या पहिल्या प्रश्नानेच ठरवून टाकलेला असतो.

मुलींना शिकवू नये असे म्हणणारा माणूस आज आपल्या परिचयाच्या वर्तुळात शोधूनही सापडणार नाही. ती लढाई आपल्या पणजी-खापरपणजीच्या पिढीने लढली आणि जिंकली. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्वे यांनी विधवा भगिनींसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. त्याच हिंगण्याच्या परंपरेतून पुढे १९९१ मध्ये कर्वेनगरात मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. मुलीने शिकावे याविषयी आता दुमत नाही. दुमत आहे ते तिने काय शिकावे, किती दूर जाऊन शिकावे आणि शिकल्यावर त्या विद्येचे काय करावे याविषयी. आणि हे दुमत कोणी बोलून दाखवीत नसल्याने त्याला उत्तरही मिळत नाही.

काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या घरी मुक्कामाचा योग आला होता. घर संस्कारी, वडील शिक्षक, आई पतसंस्थेत नोकरीला. थोरल्या मुलीला पुण्याच्या एका नामांकित महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीला जागा मिळत होती. तिला गावातल्याच महाविद्यालयात संगणकाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला घातले गेले. दोन वर्षांनी धाकट्या मुलाला तिच्याहून कमी गुण पडले, तर त्याच्यासाठी कर्ज काढून त्याला पुण्याला पाठविण्यात आले. वडिलांना विचारले तेव्हा ते अतिशय सरळपणे म्हणाले, ‘‘अहो, तिला कोणी नाही म्हणालेच नाही. तीच म्हणाली, बाबा, मी इथेच राहते.’’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सतरा वर्षांची मुलगी घरातील बोलणी ऐकते, आईच्या चेहऱ्यावरची काळजी वाचते, आणि कोणी नकार देण्याआधी स्वतःच माघार घेते. आपल्या घरांमध्ये मुलीला नकार दिला जात नाही; तिच्याकडून तो वदवून घेतला जातो.

या घराची आठवण झाली की मला आपल्या देशातील पहिल्या महिला अभियंत्या ए. ललिता यांचे चरित्र आठवते. तेलुगू कुटुंबातील ही मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न झाले, अठराव्या वर्षी वैधव्य आले, आणि पदरात चार महिन्यांची मुलगी. काळ १९३७ च्या आसपासचा. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिचे पुढचे आयुष्य माजघरातच संपायचे. तिचे वडील पप्पू सुब्बाराव मद्रासजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी मुलीसाठी त्याच महाविद्यालयाचे दार ठोठावले. मुलींना प्रवेश देण्याची तेथे प्रथा नव्हती. वरिष्ठांची अनुमती मिळवावी लागली. ललिताच्या पाठोपाठ स्थापत्य शाखेत आणखी दोन मुली आल्या. पदवीची प्रमाणपत्रे छापलेली होती ती पुरुषांना गृहीत धरून. त्यामुळे ‘तो’ हे सर्वनाम खोडून तेथे हाताने ‘ती’ लिहावे लागले. पुढे कोलकात्यात नोकरी करीत असताना ललितांनी भाक्रा-नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्यांवर काम केले. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला महिला अभियंत्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिलाही त्या उपस्थित होत्या. हे सारे घडत असताना त्यांची मुलगी नातेवाइकांच्या घरी वाढत होती. एकत्र कुटुंब म्हणजे स्त्रीच्या पायातील बेडी, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा तपशील जरूर लक्षात घ्यावा. तेच कुटुंब आधारही होऊ शकते. प्रश्न कुटुंब आपले बळ कशाच्या पाठीशी उभे करते, एवढाच आहे.

आपल्या मुंबईतील शकुंतला भगत यांचे नाव तर मराठी वाचकांनाही फारसे ठाऊक नसते. व्हीजेटीआयमधून १९५३ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्या बाहेर पडल्या. माहेरच्या त्या जोशी. वडील एस. बी. जोशी हे पुलांच्या बांधकामातील नावाजलेले अभियंते. शकुंतलाबाईंनी पती अनिरुद्ध भगत यांच्यासह सुट्या भागांची जुळणी करून पूल उभारण्याची पद्धत विकसित केली. ठराविक मापाचे पोलादी भाग कारखान्यात तयार करावयाचे, डोंगरातील अरुंद रस्त्यांवरून नेता येतील एवढ्या आकारात ते पोहोचवावयाचे आणि जागेवर जोडावयाचे, अशी ती कल्पना. १९७२ मध्ये हिमाचलमधील स्पिती येथे त्यांचा पहिला पूल उभा राहिला आणि पुढे हिमालयाच्या दुर्गम भागात अनेक ठिकाणी ही पद्धत वापरली गेली. सीमावर्ती भागात जेथे अवजड यंत्रसामग्री नेणे अशक्यप्राय होते, तेथे ओढे-नाले ओलांडण्याची सोय एका मराठी स्त्रीच्या बुद्धीतून झाली. राष्ट्रकार्य या शब्दाचा अर्थ आपण फारदा सभा-संमेलनांपुरताच घेतो म्हणून हे मुद्दाम सांगितले.

या दोघींच्या कथेतील वडील लक्षात घेण्यासारखे आहेत. कमला सोहोनी यांची कथा अधिक प्रसिद्ध आहे. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला तेव्हा नोबेल पारितोषिक विजेते संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अपमानास्पद अटीवर प्रवेश मिळाला. वर्षभरात रामन यांचे मत बदलले, पुढे संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले आणि कमलाबाई १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या विदुषी झाल्या. या कथेतील रामन सर्वांना आठवतात. कमलाबाईंचे वडील नारायणराव भागवत स्वतः रसायनशास्त्राचे अभ्यासक होते आणि मुलीने आपल्याच विद्येत पुढे जावे असे त्यांना वाटत होते, हे सहसा कोणी सांगत नाही. जगाने दार लावले तेव्हा घराचे दार तिच्या पाठीशी उघडे होते. आजची स्थिती नेमकी उलटी होऊ पाहत आहे. जग दार उघडून उभे आहे आणि घर कडी शोधते आहे.

जगाने दार किती उघडले आहे ते पाहू. १९७४ मध्ये बंगळूरच्या त्याच संस्थेतील एका विद्यार्थिनीने सूचनाफलकावर पुण्याच्या टेल्कोची जाहिरात वाचली. महिलांनी अर्ज करू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तिने जे.आर.डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, मुलाखतीचे बोलावणे आले आणि सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या खासदार सुधा मूर्ती, टेल्कोच्या कारखान्यातील पहिल्या महिला अभियंत्या झाल्या. आज त्याच कंपनीच्या पुण्यातील कारखान्यात मोटारींच्या जुळणीची एक संपूर्ण मार्गिका महिला सांभाळतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना सायंकाळी सातनंतर कारखान्यात काम करण्यास बंदी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर रात्रपाळी खुली केली आहे. भूमिगत खाणीतील कामाची बंदी २०१९ मध्ये शिथिल झाली. आयआयटीमध्ये २०१६ साली प्रवेश घेणाऱ्यांत मुली जेमतेम आठ टक्के होत्या. २०१८ पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा ठेवण्यात आल्या आणि २०२० पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. मुलांची एकही जागा त्यासाठी कमी केली गेली नाही, हे या निर्णयावर नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ आहे. तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती पदवी आणि पदविका घेणाऱ्या मुलींना वर्षाला पन्नास हजार रुपये देते. सरकारने करावयाचे ते सारे झाले असे नव्हे. मात्र ‘आमची ऐपत नाही’ हे कारण पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही, हे मान्य करावे लागेल.

तरीही २०२०-२१ च्या देशव्यापी उच्च शिक्षण सर्वेक्षणात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमांत मुलींचे प्रमाण साधारण एकोणतीस टक्केच होते. विज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमांत मुली मुलांच्या खांद्याला खांदा लावून आहेत, किंबहुना काकणभर पुढेच आहेत. म्हणजे गणित आणि भौतिकशास्त्र मुलींना जमत नाही हे म्हणणे निकाली निघते. बी.एस्सी. करून बी.एड. करणारी मुलगी आपल्याला ‘बसते’. लेथ यंत्रापुढे उभी राहणारी मुलगी बसत नाही.

अभियांत्रिकीतही शाखांची वाटणी झालेली दिसते. संगणक, माहिती-तंत्रज्ञान, अणुविद्युत या शाखांच्या वर्गात मुली भरपूर. यंत्र शाखेच्या वर्गात पहिल्या बाकावर तीन-चार. कारण विचारले की उत्तर येते, ‘‘संगणकाचे काम बसून करायचे असते, वातानुकूलित खोलीत असते, मुलींना झेपते.’’ यंत्र शाखेचे काम म्हणजे घण घालणे अशी ज्यांची कल्पना आहे त्यांनी चाकण किंवा रांजणगावचा एखादा आधुनिक कारखाना जाऊन पाहावा. वजन उचलण्याचे काम तेथे यंत्रहात करतो आणि त्या यंत्रहाताला कामाला लावणाऱ्याला लागते ती बुद्धी, चिकाटी आणि अचूकपणा. शिवाय ‘झेपते’ हा शब्द आपण मोठ्या सोयीने वापरतो. रस्त्याच्या कामावर डोक्यावरून खडीची पाटी वाहणारी बाई रोज दिसते, तिच्याविषयी कोणी हा प्रश्न विचारत नाही. जड काम स्त्रीला वर्ज्य कधीच नव्हते. वर्ज्य होते ते चांगल्या पगाराचे जड काम.

या संदर्भात माझ्या व्यवसायातील एक गोष्ट सांगतो. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्राशी माझा संबंध आला तो छापखान्यामुळे. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी एका जिल्हा दैनिकात मी उमेदवारी करीत होतो, तेव्हा खिळे जुळवणारे सारे कंपोझिटर पुरुष होते. काम नजरेचे आणि बोटांचे, पण ‘बायकांचे नव्हे’ असे ठरलेले. मग संगणक आला. जुन्या मंडळींना कळफलक म्हणजे टंकलेखन वाटले आणि टंकलेखन म्हणजे मुलींचे काम, म्हणून त्यांनी त्याला हात लावण्याचे टाळले. गावातल्या बारावी झालेल्या चार मुली त्या जागी आल्या. वर्षभरात पानाची मांडणी, जाहिरातींची रचना, छपाईसाठी फिल्म काढणे हे सगळे त्यांच्या हाती गेले. संपादकही ‘ताई, एवढी बातमी बसते का पहा’ म्हणून त्यांच्या टेबलाशी जाऊन उभे राहू लागले. काम तेच होते, अक्षरे जुळवण्याचे. साधन बदलताच ते पुरुषांचे राहिले नाही आणि त्यासाठी कोणाला चळवळ करावी लागली नाही. कोणते काम कोणाचे, याविषयीच्या आपल्या कल्पना किती तकलादू असतात हे मला तेव्हा प्रथम कळले.

आई-वडिलांच्या मनातील भीती मात्र तकलादू नाही आणि तिची चेष्टा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पुण्याच्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात २००७ आणि २००९ मध्ये कामावर जाता-येताना झालेल्या तरुणींच्या हत्यांनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्या बातम्या मीही लिहिल्या आहेत. अशी बातमी वाचल्यावर तालुक्याच्या गावातील बापाने मुलीला घरी बोलावून घेतले, तर त्याला मागासलेला म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्याच बापाने दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडून पाहावा. पदवी आणि पगार हाती नसलेली मुलगी लग्नानंतर एखाद्या वाईट घरात पडली, तर तेथून बाहेर पडण्याचे बळ तिला कोण देणार? ती भीती आपण मोजत नाही, कारण ती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून येत नाही. कंपनीची वाहनव्यवस्था कशी आहे, २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्धची तक्रार समिती तेथे आहे का, वसतिगृहाची व्यवस्था कोण पाहते, हे प्रश्न मुलीबरोबर जाऊन विचारणारा पालक मला अधिक जागरूक वाटतो. घरी बसविल्याने चौकशी करण्याचा त्रास तेवढा वाचतो.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर तोही पुरता बोलून टाकू. मुलगी अभियंता झाली, नोकरीला लागली, दोन-तीन वर्षे उत्तम गेली. लग्न झाले, पहिले मूल झाले आणि नोकरी सुटली. ‘सध्या थांबली आहे’ असे सांगितले जाते. थांबलेली गाडी पुन्हा क्वचितच सुटते, कारण तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात चार वर्षांची विश्रांती म्हणजे जवळपास नव्याने आरंभ. केंद्र शासनाच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत शहरी भागातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या होत्या केवळ अठ्ठावीस टक्के; ग्रामीण भागात हेच प्रमाण सत्तेचाळीस टक्क्यांच्या वर होते. शहरात शिक्षण अधिक, कामावर स्त्रिया कमी! २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणाचा आकडाही याच्या शेजारी ठेवून पाहावा. घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. रोजचे हे जवळजवळ साडेतीन तासांचे अंतर आहे. एवढ्या वेळात नवी संगणकभाषा शिकता येते, पदव्युत्तर परीक्षेचा अभ्यास होतो, निदान पाठ टेकता येते.

२०१७ च्या सुधारणेने मातृत्व रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कायदा इथपर्यंतच येऊ शकतो. सकाळी सात वाजता डबा कोण भरणार, हे कोणतीही संसद ठरवू शकत नाही. ते सासूबाई, सासरे आणि नवरा यांनी ठरवायचे आहे. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांमधून आपण कुटुंबाने दिवसातून एकदा एकत्र जेवावे असा आग्रह धरतो, आणि तो योग्यच आहे. त्या जेवणाची ताटे कोणी घेतली आणि नंतर कोणी उचलली, हाही विषय त्या बैठकीत यावयास हवा. शाखेवर आणि शिबिरांत हजारो तरुणांनी रांगेने बसून आपापले ताट घासलेले आहे, शंभर माणसांचा स्वयंपाक केलेला आहे. शिबिरात येणारे हे कौशल्य घरी आल्यावर नेमके कोठे हरवते, हे मला आजवर उमगलेले नाही.

परंपरेचा दाखला देऊन मुलींना अडविणारेही भेटतात. परंपरेचाच विचार करायचा तर आपण भाषणांतून गार्गी-मैत्रेयींची नावे घेतो ती काय म्हणून? जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला प्रश्नांनी जेरीस आणणारी गार्गी अभिमानाने सांगावयाची आणि घरातील मुलीने प्रश्न विचारला की ‘उलट बोलू नये’ म्हणावयाचे, हा दुटप्पीपणा मुलींच्या नजरेतून सुटत नाही. खानदेशाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ लिहिला. लीलावती ही त्यांची कन्या, विवाहाचा मुहूर्त टळला म्हणून पित्याने तिच्या नावाने ग्रंथ रचला, ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. तिला समकालीन आधार नाही. ती दंतकथाच म्हणायची. पण ही दंतकथा शतकानुशतके सांगत आलेल्या समाजाच्या मनात बाप, मुलगी आणि गणित ही तिन्ही एकत्र नांदत होती, एवढे तरी तिच्यावरून म्हणता येईल. दोष परंपरेचा असण्यापेक्षा आपल्या सोयीचा अधिक आहे.

आमच्या पत्रकारांच्या वर्तनाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. २०१४ मध्ये मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले तेव्हा साड्या नेसून, केसांत गजरे माळून आनंद व्यक्त करणाऱ्या इस्रोतील महिलांचे छायाचित्र जगभर गाजले. त्यानंतर चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल, चांद्रयान-३ च्या सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना कालहस्ती, आदित्य एल-१ च्या प्रकल्प संचालक निगार शाजी, अग्नी क्षेपणास्त्रांच्या विकासातील टेसी थॉमस अशी नावे पुढे येत गेली. वृत्तपत्रांनी लिहिले काय? साडीविषयी, गजऱ्याविषयी आणि ‘घर आणि विज्ञान यांचा समतोल’ कसा साधतात याविषयी. इस्रोच्या एकाही पुरुष शास्त्रज्ञाला घराचा समतोल कसा साधता, असे विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. यानाची दिशा दूरवरून सुधारण्यासाठी कोणते गणित करावे लागते हे त्या मुलाखतींत आले असते, तर आठवीतल्या एखाद्या मुलीला त्याचा गजऱ्यापेक्षा अधिक उपयोग झाला असता.

सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव यांचे उदाहरण मला या यशस्विनींहूनही जवळचे वाटते. शेतकरी कुटुंबातील मुलगी. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतली. १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून रुजू झाली. आशियातील पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचे नाव झाले. २०११ च्या महिलादिनी त्यांनी घाटातून डेक्कन क्वीन नेली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत चालवली आणि छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. आयआयटी नाही, परदेश नाही. तालुक्यापासून हाकेच्या अंतरावरचे तंत्रनिकेतन आणि दहावीनंतरची पदविका, एवढ्या भांडवलावर हे घडले. दहावीत सत्तर टक्के मिळालेल्या मुलीच्या पालकांना शास्त्रज्ञांची नावे सांगून उपयोग नसतो, त्यांना हा मार्ग दाखवावा लागतो. तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तेथील जोडारी, वीजतंत्री, यांत्रिकी या व्यवसायांच्या वर्गांकडे मुलींची पावले अजून फारशी वळत नाहीत. शिवणकाम आणि सौंदर्यप्रसाधनाच्या वर्गांकडे मात्र आपसूक वळतात. शिवणयंत्रही यंत्रच असते, ही गंमत वेगळी.

शेतीत तर हा बदल डोळ्यांदेखत घडतो आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे ठरले. पंचविशीची सून बांधावर उभी राहून ड्रोन उडविते आणि सासरे कौतुकाने पाहत उभे राहतात, ही छायाचित्रे आता नवलाची राहिलेली नाहीत. ज्या गावात तिने मोटारसायकल चालवली तर कुजबुज झाली असती त्याच गावात हे घडते. कारण उघड आहे, त्यातून घरात चार पैसे येतात! फायदा दिसला की रूढी किती लवकर बाजूला होते ते यावरून कळावे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत एकदा तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया होत्या तेहतीस टक्के आणि पुरुष सत्तावन्न टक्के. त्यानंतर चित्र सुधारले असेलच. तरी ‘मुलीच्या हातात फोन नको’ हे वाक्य आजही कानावर येते. मुलाच्या हातातला फोन कमी घातक असतो असे मला तरी आढळलेले नाही.

आरंभ लहानपणीच होतो. भाऊबीजेला भावाच्या वाट्याला सुट्या भागांची मोटार येते आणि बहिणीच्या वाट्याला भातुकली. घरातला पंखा बिघडला की स्टुलावर चढतात बाबा आणि पेचकस धरतो दादा. ताईला सांगितले जाते, ‘‘लांब हो, शॉक बसेल.’’ शॉक दादालाही बसतो. दहा वर्षे पेचकस हातात न धरलेल्या मुलीला अकरावीत यंत्रांची आवड नाही असे आढळले, तर तो तिचा स्वभाव म्हणायचा का? सुटीच्या दिवशी वडिलांनी मुलीला शेजारी बसवून मिक्सर खोलावा, सायकलची साखळी बसवावी, वीजपेटीतील तार बदलावी. याला ना अनुदान लागते ना अध्यादेश. तिला पसंतीक्रम भरण्याआधी एखादा कारखाना आतून दाखवावा. औद्योगिक वसाहतीत आपल्यापैकी कोणाची ना कोणाची ओळख असतेच.

राहता राहिला तो लांबच्या गावाचा आणि राहण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत मोठी अडचण तीच आहे. शुल्क माफ झाले तरी पुण्यात, नाशकात किंवा छत्रपती संभाजीनगरात मुलीला विश्वासाने ठेवावे अशी जागा मिळत नाही, म्हणून कित्येक अर्ज घराजवळच्या महाविद्यालयापाशी थांबतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांची वसतिगृहे काढली आणि खेड्यापाड्यांतील मुलगे शिकून मोठे झाले. पुढे महाराष्ट्रभर ज्ञातिसंस्थांनी, मठांनी, दानशूर व्यापाऱ्यांनी तोच कित्ता गिरविला. आज यांतील अनेक इमारतींत खोल्या रिकाम्या आहेत, काहींची मंगल कार्यालये झाली आहेत. आपल्या विचारांच्या कित्येक कार्यकर्त्यांची या विश्वस्त मंडळांवर ऊठबस आहे. जेथे अभियांत्रिकीची आणि तंत्रनिकेतनाची महाविद्यालये आहेत अशा प्रत्येक शहरात तीस-चाळीस मुलींची एक वास्तू, तेथे राहणाऱ्या एक प्रौढ व्यवस्थापिका, रात्रपाळीहून किंवा ग्रंथालयातून उशिरा येणाऱ्या मुलीला उघडे मिळणारे फाटक आणि सकाळी वेळेवर डबा, एवढी सोय उभी करण्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. निवृत्त शिक्षिका आणि बँकेतील भगिनी यासाठी वेळ देण्यास तयार असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते. प्रवेशाच्या फेऱ्या जुलैत सुरू होतात. त्याआधी निदान एका मजल्याला रंग लावून तो मुलींसाठी मोकळा करता येईल.